रेसिंग ग्लायडर उडवायला खरंच अवघड असतात का? (डिस्कस, एलएस-८, एएसडब्ल्यू-२७ आणि इतर मंडळी)

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी. त्या विमानांच्या धाग्यावर ग्लायडरचा (इंजिनाशिवाय हवेवर तरंगणाऱ्या विमानांचा) विषय निघाला आणि दोघातिघांनी ठोकून दिलं की स्पर्धेतली ग्लायडर म्हणजे भयंकर नखरेल प्रकार, पायलट शिंकला तरी स्पिन (गरगरत खाली पडणं). तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका क्लबात उडवतो, स्पर्धेत मधल्या गर्दीत कुठेतरी असतो, तेव्हा चॅम्पियनच्या थाटात बोलणार नाही. पण माझं मत सरळ आहे. गेल्या चाळीसेक वर्षांतली चांगली रेसिंग ग्लायडर हवेत अगदी गुणी वागतात. अवघडपणा आहे तो टेकऑफच्या पहिल्या काही सेकंदांत, लँडिंगला, आणि वजनासाठी पंखात पाणी भरून थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) हळू फिरताना.

दुसरं म्हणजे ब्रोशरमधला ग्लाइड रेशो बघून ग्लायडरची लायकी ठरवायची सवय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्लाइड रेशो म्हणजे १ किमी उंची खर्च करून किती किमी पुढे जाल ते. शिकाऊ एएसके-२१ चा साधारण ३४, एलएस-४ चा ४० च्या आसपास, एएसडब्ल्यू-२७ चा ४८, आणि एटा नावाचं ३०.९ मीटर पंखांचं एक धूड आहे त्याचा ७० च्या घरात. आता गंमत बघा. स्टँडर्ड क्लासमध्ये (१५ मीटर पंख, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या नाहीत) १९८५ ते १९९५ सलग सहा वर्ल्ड चॅम्पियनशिप शेम्प-हिर्थ कंपनीच्या डिस्कसने जिंकल्या. मधे १९८७ ला श्लायशरचं एएसडब्ल्यू-२४ आलं, गेरहार्ड वायबेल यांचं डिझाइन, कागदावर डिस्कसला तोडीस तोड, कॉकपिट तर अपघातात पायलट वाचावा असा विचार करून बांधलेलं, जे तेव्हा कोणी फारसं करत नव्हतं. तरी जिंकत राहिलं डिस्कसच. कारण विचारलं की जुने पायलट एकच सांगतात, डिस्कस गदगदत्या थर्मलमध्येसुद्धा शांतपणे वर चढतं, पायलटला त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, एएसडब्ल्यू-२४ ला त्याच हवेत सांभाळत बसावं लागायचं.

पाचसहा तास एकट्याने बसायचं, ढग बघायचे, बाकीची ग्लायडर कुठे चढतायत ते बघायचं, आणि त्यात विमानच सारखं लक्ष मागत असेल तर डोकं कुठे चालणार? म्हणून माझ्या मते हँडलिंग हाच परफॉर्मन्स. जाणकारांनी भर घालावी, विरोधी मत असेल तर जास्त चांगलं.

काळेपडळकर

वाह, हा विषय मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आमची मजल हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरपर्यंत, तेही तरुणपणी, विंचने (जमिनीवरून दोर ओढणाऱ्या यंत्राने) वर जायचं आणि रोहिणी. रोहिणी म्हणजे लाकडी, शेजारी शेजारी दोन सीटा, मास्तर बाजूलाच बसलेले त्यामुळे शिव्या थेट कानात. नाक जरा खाली गेलं की वाऱ्याचा आवाज वाढायचा, त्या आवाजावरच आम्ही स्पीड ओळखायचो, मीटरकडे कोण बघतंय. तुमच्या या फायबरच्या ग्लायडरमध्ये असलं काही कळतं का?

पश्चिमवारा

@काळेपडळकर, काका लाखाचा प्रश्न विचारलात. नाही कळत, किंवा फार उशिरा कळतं. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, सगळ्या फटी टेपने बंद केलेल्या, त्यामुळे १०० ला आणि १५० ला आवाजात फरक आहे पण रोहिणीइतका नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रॅगच (हवेचा विरोध) नाही. लाकडी ग्लायडरचं नाक खाली गेलं तर हवाच त्याला धरून ठेवते, इथे धरायला कोणी नाही, नाक थोडं खाली सोडलं आणि नकाशाकडे बघत बसलात तर वेगाचा काटा कधी पिवळ्या, म्हणजे धोक्याकडच्या पट्ट्यात गेला ते समजत नाही. म्हणून स्पीड आवाजावर नाही तर क्षितिजावर धरायचा, नाक क्षितिजाखाली किती आहे तेच बघायचं.

आणि यातूनच या जातीचा खरा धोका येतो. स्पिनपेक्षा स्पिनमधून बाहेर पडल्यावरचे दोन-तीन सेकंद वाईट. १९९९ मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या मिंडेनला निंबस-४डीएम हे २६.५ मीटर पंखांचं दोन सीटर हवेत मोडलं, दोघेही गेले. तपासात निघालं ते असं की स्पिन किंवा स्पायरलमध्ये (गोल फिरत वेगाने खाली जाताना) स्पीड मर्यादेच्या वर गेला आणि मग स्टिक जास्त ओढली गेली, पंखांवर झेपण्यापलीकडचा भार आला. म्हणजे विमान बिघडलेलं नव्हतं. इतक्या स्वच्छ विमानात नाक खाली असताना वेळ फार कमी मिळतो, बस.

गणिती गोगलगाय

उत्तम धागा. मी उडवत नाही, फक्त कागदावर आकडे मांडतो, चूक असेल तर सांगा.

पाण्याबद्दल लिहिलंत म्हणून हिशेब केला. १५ मीटरचं एएसडब्ल्यू-२७ घ्या, पंखाचं क्षेत्रफळ ९ चौमी, कमाल वजन ५०० किलो. कोरडं, पायलट धरून समजा ३५०. स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख उचलणं सोडतो तो वेग) वजनाच्या वर्गमुळात वाढतो, ५०० भागिले ३५० चं वर्गमूळ जवळपास १.२, म्हणजे सगळे वेग २० टक्क्यांनी वर. कोरडं असताना थर्मलमध्ये ९२ किमी/तास ने फिरत असाल तर भरल्यावर ११० च्या पुढे जावं लागेल. ४५ अंश कलवून फिरलं तर ९२ ला वर्तुळाची त्रिज्या ६७ मीटर, ११५ धरला तर १०४ मीटर. एक चक्कर साडेसोळा सेकंदांऐवजी वीस सेकंद. मग थर्मल अरुंद असेल तर भरलेलं ग्लायडर त्याच्या गाभ्याच्या बाहेरच फिरत राहणार ना? मग पाणी भरतात कशाला?

पश्चिमवारा

हिशेब अगदी बरोबर. भरतात कारण दोन थर्मलच्या मधे जाताना फायदा होतो. वजन वाढलं की ग्लाइड रेशो तोच राहतो पण तो जास्त वेगाला मिळतो. हवा जोरदार असेल, थर्मल रुंद आणि ३-४ मीटर/सेकंदचे असतील तर चढताना थोडं गमावून पुढे १८०-२०० ने पळताना त्याच्या दुप्पट कमावता. पॉल मॅकक्रेडी, १९५६ चे विश्वविजेते, तेच ते माणसाच्या पायडलवर चालणारं विमान करणारे, त्यांचं स्पीड-टू-फ्लाय गणित हेच सांगतं, पुढचा थर्मल किती जोराचा मिळणार त्यावर आत्ताचा वेग ठरवा. हवा मेली की पाणी सोडून द्यायचं.

पण स्वभाव बदलतो हे खरं. पंखात दीडदोनशे लिटर म्हणजे वजन पंखाच्या मुळापासून टोकाकडे पसरलेलं, त्यामुळे कलायला सुरुवात करायला वेळ लागतो आणि थांबवायला पण. स्टिक मारली, काही झालं नाही, अजून मारली, आणि मग एकदम हवं त्यापेक्षा जास्त कललं, हे पहिल्यांदा भरून उडणाऱ्या प्रत्येकाचं होतं. उपाय म्हणजे आधीच हात घालायचा आणि आधीच काढायचा.

अवनी_दक्षिण

जोहान्सबर्गहून. आमच्याकडे हवाच अशी आहे की पाणी नसेल तर लोक हसतात :) उन्हाळ्यात ढगाचा तळ इतका उंच आणि थर्मल इतके रुंद की गोगलगायींनी काढलेला १०४ मीटरचा गोल आरामात बसतो.

इथलं घरचं ग्लायडर म्हणजे जेएस-१, पॉचेफस्ट्रूमच्या योंकर बंधूंचं, पहिलं उड्डाण २००६ चं. १८ मीटरचं, आणि नंतर टोकं बदलून २१ मीटरचं पण करता येतं, तेव्हा कमाल वजन ७२० किलो. एवढं असूनही बोटांनी उडवता येतं, मी तर पहिल्यांदा बसले तेव्हा मनाची तयारी करून बसले होते की आता हत्ती हाकायचाय, आणि निघालं भलतंच हलकं. धागाकर्त्यांशी सहमत, पण एक भर. भरलेल्या ग्लायडरमध्ये शेपटीतल्या टाकीचं नीट लक्षात ठेवा. पंखातलं पाणी सहसा गुरुत्वमध्याच्या पुढे येतं म्हणून नाक जड होतं, ते सांभाळायला शेपटीत थोडं पाणी भरतात. आता पंखातलं सोडलं आणि शेपटीतलं वरच्या गारठ्यात व्हॉल्व गोठून अडकलं तर मध्य मागे सरकतो, पार मर्यादेबाहेर सुद्धा. आणि मध्य मागे गेला की स्टिक पिसासारखी हलकी, स्पिनमध्ये सहज शिरणार, निघायला कुरकुर करणार.

बरं रेसवाले मुद्दाम मध्य मागे ठेवूनच उडवतात, मर्यादेच्या आत पण मागच्या बाजूला, कारण मग शेपटीला खाली दाबत बसावं लागत नाही, ड्रॅग वाचतो आणि थर्मलमध्ये विमान जास्त सैल फिरतं. नवीन माणसाने याची नक्कल करू नये. नाकात शिशाचं वजन टाका, पहिला सीझन पुढे ठेवूनच उडवा.

बाल्सा_आणि_गोंद

मी आरसीवाला, म्हणजे रिमोटची मॉडेल विमानं उडवणारा. आमच्या मॉडेलमध्ये फ्लॅप आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्या) मिक्स करतो रेडिओवर, तुमच्याकडे पण तसंच म्हणे? की ते सगळं लिव्हरने? शिवाय मोठ्या पंखांना रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त लागतं हे आमचं पण निरीक्षण आहे, ४ मीटरचं मॉडेल नुसत्या एलेरॉनने वळवलं की शेपूट भलतीकडे.

पश्चिमवारा

@बाल्सा, बरोबर, आमच्याकडे मिक्सर लोखंडी रॉडचा, बॅटरी लागत नाही :)

फ्लॅपवाल्या वर्गांमध्ये (१५ मीटर, १८ मीटर, आणि ओपन म्हणजे पंखांच्या लांबीला मर्यादा नसलेला) पंखाची जवळपास पूर्ण मागची कड हलते. डाव्या हाताला लिव्हर, पळताना मायनस, थर्मलमध्ये प्लस, लँडिंगला अजून खाली. याचं कारण त्या पातळ लॅमिनार पंखाची एक ठरावीक वेगांची पट्टी असते, त्या पट्टीत हवा पृष्ठभागाला गुळगुळीत चिकटून वाहते आणि ड्रॅग एकदम कमी, पट्टीबाहेर गेलात की ड्रॅग उडी मारतो. फ्लॅपने ती पट्टी वेगाप्रमाणे वरखाली सरकवता येते. म्हणजे फ्लॅप वेगाशी जुळता नसेल तर तुम्ही ४८ चं ग्लायडर घेऊन ४० ने उतरताय. एलएस-८ ची कथा याच्या उलट, वोल्फ लेमके यांनी आपल्याच फ्लॅपवाल्या एलएस-६ चे फ्लॅप काढून ते केलं आणि डिस्कसनंतर स्टँडर्ड क्लास त्याचाच झाला. एक लिव्हर कमी, डोक्याला ताप कमी. आजही कोणी विचारलं सगळ्यात गोड हाताचं ग्लायडर कोणतं तर दहातले निम्मे एलएस-८ म्हणतील. मीही.

रडरचं: वर जाणाऱ्या पंखाचं एलेरॉन खाली असतं, त्याला ड्रॅग जास्त, तो पंख मागे खेचला जातो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला. पंख जितका लांब तितका हा तरफेचा जोर जास्त. म्हणून मोठ्या ग्लायडरमध्ये पाय (रडर) आधी, हात (स्टिक) नंतर. कॅनॉपीवर चिकटवलेला लोकरीचा दोरा मधोमध राहिला की जमलं. युरोपियन नियमात तर कलण्याची वेळ ठरलेली आहे, एका बाजूला ४५ अंशांपासून दुसऱ्या बाजूला ४५ पर्यंत पंखांची लांबी भागिले ३ इतक्या सेकंदांत जमलं पाहिजे. १५ मीटरला ५ सेकंद, २६.५ ला जवळपास ९. नऊ सेकंद मनात मोजून बघा, आणि तेवढ्यात समोरून कोणी येतंय असं समजा.

गणिती गोगलगाय

रोचक. मग अजून एक. १०० मीटर त्रिज्येच्या गोलात ४५ अंश कललेला २६.५ मीटरचा पंख असेल तर आतलं टोक मध्यापेक्षा ९ टक्क्यांहून थोडं जास्त हळू जातं आणि बाहेरचं तेवढंच जास्त वेगात. १५ मीटरला हाच फरक ५ टक्के. म्हणजे आतल्या टोकाजवळ स्टॉल आधी होणार आणि बाहेरचा पंख जास्त उचलून विमान आपोआप अजून कलत जाणार?

पश्चिमवारा

अगदी तसंच. ओपन क्लासमध्ये वळणात स्टिक सतत वळणाच्या उलट धरून ठेवावी लागते. आणि म्हणूनच पंखाच्या टोकांचा आकार, विंगलेट (टोकाला उभा छोटा पंख), टोकाला जरासा वर वाकवलेला पंख, यावर कंपन्यांनी गेली तीस वर्षं जीव ओतलाय. विंगलेट म्हटलं की पेन स्टेट विद्यापीठाच्या मार्क मॉमर यांचं नाव येतं. विंगलेटमुळे ग्लाइड रेशो वाढतो हे खरं, पण पायलटला आधी जाणवतं ते हळू फिरताना टोक शांत राहतं हे.

खवचट खान

छान चाललंय गुळपोळी वाटप. थोडा खडा टाकतो. हँडलिंग हाच परफॉर्मन्स वगैरे म्हणताय मग सेबास्तियन कावा डायना-२ घेऊन विश्वविजेता कसा झाला? ते पोलिश विमान रिकामं फक्त १८२ किलो, भरून ५०० म्हणजे वजनापेक्षा पाणी जास्त, आणि कॉकपिट इतकं अरुंद की माझ्यासारख्याने खांदे घरी ठेवून यावं. गुणी, आरामदायक वगैरे कोणी त्याला म्हणणार नाही. शेवटी ५० चा ग्लाइड रेशोच जिंकला. धागाकर्त्यांनी सोयीचं उदाहरण घेतलंय.

पश्चिमवारा

खानसाहेब, मुद्दा मान्य, निम्मा. कावा हा माणूस ओंडक्यावर बसवला तरी पहिल्या पाचात येईल, त्याच्यावरून विमानाचं अनुमान काढता येत नाही. आणि अरुंद कॉकपिट म्हणजे वाईट हँडलिंग नव्हे. डायना-२ ज्यांनी उडवलंय ते स्टिकबद्दल तक्रार करत नाहीत, मांडी घालून बसता येत नाही याबद्दल करतात. मी म्हणतोय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांना चौथ्या तासाला कंटाळा येतो, पाणी प्यायचंय, नकाशा सापडत नाही, आणि नेमकं तेव्हा विमान एका बाजूला पडतंय. तिथे चार-पाच पॉइंटचा ग्लाइड रेशो कुठल्या कुठे जातो.

अवनी_दक्षिण

मला खान यांचंही थोडं पटतंय. जोरदार हवेत १०० किमीच्या एका सरळ पट्ट्यात कोणी हँडलिंग बघत नाही, तिथे नुसता पंख बोलतो. माझ्याबरोबर जुनं ओपन क्लास घेऊन निघालेले लोक सरळ पट्ट्यात पुढे निघून जातात आणि मग थर्मलमध्ये मी त्यांना गाठते. थर्मलचा गाभा सरकला की मी लगेच त्याच्या मागे, त्यांना तोवर पंख उलटवायलाच वेळ.

अजून एक गोष्ट कोणी लिहिली नाही, किडे! पंखाच्या पुढच्या कडेला मेलेले किडे चिकटले की लॅमिनार प्रवाह तिथेच तुटतो. काही पंख याने फारच आजारी होतात, पाऊस लागला तर अजून. म्हणून दोरीने पंखाच्या कडेवरून टोकापर्यंत जाऊन परत येणारे किडे-पुसणे बसवतात, कॉकपिटमधून चालवायचे. आणि पंखाच्या खालच्या बाजूला नागमोडी टेप किंवा एएसडब्ल्यू-२७ सारखी बारीक भोकांची रांग, त्यातून हवा फुंकून प्रवाह मुद्दाम ठरलेल्या जागी ढवळायचा, म्हणजे तो पुढे पृष्ठभागापासून सुटत नाही. डेल्फ्टचे लूक बूरमन्स यांचं काम ते.

नवखा_नभ

सगळं वाचतोय, दंडवत. माझं सोलो झालंय एएसके-२१ वर, इंग्लंडमध्ये आहे, क्लबात एक जुनं स्टँडर्ड सिरस, एक एलएस-४ आणि एक एएसडब्ल्यू-२० आहे. मन सगळं एएसडब्ल्यू-२० वर आहे, काय ते रूप! सरळ त्यावरच गेलो तर चालेल का? इन्स्ट्रक्टर एलएस-४ म्हणतोय.

पश्चिमवारा

इन्स्ट्रक्टर बरोबर म्हणतोय. एलएस-४ हे माझ्या माहितीतलं सगळ्यात प्रामाणिक १५ मीटर विमान, स्टॉल येण्याआधी स्पष्ट थरथरतं, ब्रेक दमदार, चुकायच्या आधी सांगतं. एक सीझन त्यावर काढ.

स्टँडर्ड सिरस १९६९ चं, शेपटीचा अख्खा आडवा पंखच हलतो, त्यामुळे नाकाच्या वरखालीला फार हळवं. एअरोटोवर (विमानाने दोराने ओढून नेताना) पहिल्यांदा गेलं की लोक वर-खाली-वर-खाली नाचायला लागतात, हाताने दुरुस्त करायला गेलं की नाच वाढतो. कोपर मांडीवर टेकवायचं, मनगटाने उडवायचं आणि नाच सुरू झालाच तर स्टिक जागेवर धरून ठेवायची, पाठलाग करायचा नाही.

एएसडब्ल्यू-२० सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण फ्लॅपवाल्या विमानाची जमिनीवरची गंमत वेगळी. टेकऑफला सुरुवातीला वेग नसतो, फ्लॅप प्लसला असतील तर एलेरॉन पण खाली असतात आणि हळू वेगात पंख सावरत नाही. म्हणून बरेच लोक मायनसला किंवा शून्याला सुरू करतात आणि धावायला लागल्यावर प्लसला आणतात. तुझ्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते वाच, इथलं ऐकू नको. पंख टेकला आणि सावरत नाही असं वाटलं की पिवळी मूठ ओढून दोर सोडायचा, विचार करायचा नाही, त्या एका क्षणी लाजणारे लोकच विमान फिरवून मोडतात. लँडिंगला लँडिंग फ्लॅप लावला की अप्रोच मस्त तीव्र उताराचा होतो, छोट्या शेतात उतरायला त्याहून चांगलं काही नाही. पण कमी उंचीवर, आता पोचत नाही असं वाटून तो फ्लॅप परत वर घेतला तर विमान हातभर नाही चांगलं घरभर खाली बसतं. ब्रेक कमीजास्त करायचा, फ्लॅपला हात नाही.

काळेपडळकर

पिवळ्या मुठीबद्दल +१००. आमचे मास्तर टेकऑफला हात त्या मुठीपासून लांब दिसला की फटका मारायचे, शेजारी बसत असल्याने नेम चुकत नसे.

नवखा_नभ

खूप आभार सगळ्यांचे. ठरलं, एलएस-४. पण एएसडब्ल्यू-२० च्या कॉकपिटमध्ये जमिनीवर नुसतं बसायला तरी हरकत नाही ना?

अवनी_दक्षिण

अजिबात नाही, उलट बसच. फ्लॅप, एअरब्रेक आणि चाक, हे सगळे लिव्हर कॉकपिटच्या बाजूंना हाताशीच असतात आणि घाईत चुकीचा ओढून लोकांनी विमानं मोडलीयत. हँगरमध्ये बस, कोणाला तरी बाहेर उभं करून नावं घ्यायला सांग आणि न बघता बरोबर लिव्हरवर हात जातोय का बघ. पाऊस असलेला रविवार यासाठी उत्तम, आणि तुझ्याकडे इंग्लंडमध्ये त्याची टंचाई नसावी.